धुण्याच्या दगडावरचा मंडळिक

नांदेडच्या सरकारी हायस्कुलात रेणुकादास टाकळीकर तारीख शिकवत. तारीख म्हणजे इतिहास. निजामाच्या राज्यात शाळेतले सगळे विषय उर्दूतून चालत, त्यामुळे गावात त्यांना ‘तारीखवाले मास्तर’ म्हणत. जन्म माहूरचा, म्हणून नाव रेणुकादास. बी.ए. हैदराबादला झालेले. घरी मोडी, शाळेत उर्दू, कॉलेजात फारशी, एवढं त्यांच्या पिढीतल्या पुष्कळांना येई. टाकळीकरांनी त्यात आणखी एक भर घातली होती. कंधारच्या किल्ल्यात फिरताना एका पडक्या भिंतीत त्यांना जुन्या कानडी अक्षरांचा दगड दिसला. समोर लिहिलेलं आहे आणि ते आपल्याला वाचता येत नाही, ही गोष्ट त्यांच्या मनातून जाईना. मग देगलूरच्या एका जंगमस्वामींकडे दर सुट्टीत जाऊन ते कानडी शिकले, आणि पुस्तकं मागवून जुन्या लिपीची ओळख करून घेतली. याला तीन वर्षं लागली. बोलायला मात्र ते कधी शिकले नाहीत. त्यांची कानडी दगडावरची होती.

१९३६ च्या दिवाळीत त्यांना एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी सांगितलं की उदगीरहून निलंग्याकडे जाताना हरळकोंडी नावाचं गाव लागतं, तिथं ओढ्यात लिहिलेला दगड आहे. टाकळीकर दुसऱ्याच दिवशी निघाले. परभणीला आणि परळीला गाडी बदलत उदगीर गाठलं, तिथून बैलगाडी.

ओढ्याच्या काठी धुणं चाललं होतं. काळा, रुंद, कमरेएवढा दगड उतरता बसवलेला. त्याच्या सपाट माथ्यावर एक माणूस धोतर आपटत होता. काठाकडच्या बाजूला अक्षरांच्या ओळी होत्या. साबणाचं पाणी त्यांच्यावरून ओघळत होतं.

“जरा थांबशील का?” टाकळीकर म्हणाले. “मला या दगडाचा ठसा घ्यायचाय.”

धुणारा माणूस चाळिशीचा असेल. मडिवाळप्पा त्याचं नाव, गावचा परीट. तो बाजूला झाला. टाकळीकरांनी दगड घासून स्वच्छ केला, ओला कागद चिकटवला, ब्रशनं ठोकून अक्षरांत बसवला, वरून काजळीच्या शाईचा बोळा फिरवला. काळ्या कागदावर पांढरी अक्षरं उमटत गेली. मडिवाळप्पा उकिडवा बसून सगळं बघत होता. दोन तासांनी त्यानं एवढंच विचारलं, “झालं का, मास्तर? साबणाचे कपडे तसेच सुकून राहिले.”

शेवटच्या तीन ओळी गाळात बुडालेल्या होत्या. त्यांचा ठसा आला नाही. तिथं काय असणार ते टाकळीकरांना ठाऊक होतं. अशा शिलालेखांच्या शेवटी शाप असतो: हे दान जो मोडील त्याला काशीत हजार कपिला गायी मारल्याचं पाप लागेल. सगळीकडे तेच असतं, म्हणून त्यांनी ते सोडून दिलं.

नांदेडला परतल्यावर त्यांनी महिनाभर तो कागद भिंतीवर लावून ठेवला. काळ कळला: साडेआठशे वर्षांपूर्वीचा, चालुक्यांच्या राजवटीतला. दान देणाऱ्याचं नाव कळलं: केतय्य. त्याच्या नावाआधीचा शब्द झिजला होता. पहिलं अक्षर ‘म’, त्याच्या शेजारी टिंबासारखी खूण. दुसरं ‘ड’. पुढची दोन अक्षरं गेलेली. टाकळीकरांनी ती भरली. मंडळिक. म्हणजे राजाचा मांडलिक, सरदार. दान कशाला दिलं तेही होतं: ‘ओगेव कल्ल’साठी. कोशात ‘ओगे’ म्हणजे उगवणे, प्रकट होणे. कल्ल म्हणजे दगड. आपोआप प्रकटलेला दगड, अर्थात स्वयंभू शिवलिंग. सगळं नीट जुळलं.

हैदराबादच्या एका संशोधन पत्रिकेत त्यांचा लेख आला, ‘हरळकोंडीचा अज्ञात मंडळिक’. चालुक्यांच्या एका सरदाराचं नाव पहिल्यांदा उजेडात येत होतं. पत्रिकेचे संपादक हैदराबादच्या एका कॉलेजात इतिहासाचे मोठे प्राध्यापक होते. त्यांनी स्वतःच्या हातानं पत्र लिहून शाबासकी दिली, आणि कॉलेजात लवकरच जागा निघेल तेव्हा तुमचं नाव सुचवीन असंही लिहिलं. टाकळीकरांच्या पत्नी सौदामिनी यांनी ते पत्र देवघरात ठेवलं.

दुसरं पत्र हरळकोंडीहून आलं. तिथले मोठे जमीनदार आप्पासाहेब देशमुख यांनी लिहिलं होतं की आमचं मूळचं आडनाव केते, तेव्हा केतय्य मंडळिक हे आमचेच पूर्वज दिसतात. शिळा आमच्या दारी आणून उभी करावी असं मनात आहे, आपलं मत काय? टाकळीकरांना केते आणि केतय्य यांचा संबंध पटला नाही. पण त्यांनी तसं लिहिलं नाही. त्यांनी लिहिलं, ‘इतकी मोलाची शिळा ओढ्यात झिजत राहू नये, हे खरे.’ सहा बैलांनी तो दगड गावात ओढून नेला.

दोन वर्षं गेली. १९३८ च्या उन्हाळ्यात प्राध्यापकांनी कळवलं की जागा पक्की होते आहे, मुलाखतीआधी शिलालेखाचा संपूर्ण पाठ शेवटच्या ओळींसकट छापून आला तर फार बरं. टाकळीकर पुन्हा हरळकोंडीला गेले.

आप्पासाहेबांनी चांगला पाहुणचार केला. साठीचे, जाड मिशांचे, मोकळ्या मनाचे गृहस्थ. दाराशी चिरेबंदी ओटा बांधून त्यावर शिळा उभी केली होती. वर पाटी होती, एका बाजूला उर्दू आणि एका बाजूला मराठी: ‘मंडळिक केतय्य केते-देशमुख’. टाकळीकरांनी ती वाचली आणि नजर खाली केली.

ते ठसा घेण्याची तयारी करत होते तेव्हा मडिवाळप्पा धुतलेल्या कपड्यांचं गाठोडं घेऊन वाड्यावर आला. गाठोडं आत देऊन परत जाताना तो ओट्यापाशी थांबला.

“मास्तर, एक इचारू का?”

“विचार की.”

“या दगडावर लिव्हलंय काय? माझ्या बापानं याच्यावर कपडे धुतले, आज्यानं धुतले. कुनी वाचून दावलं न्हाई.”

टाकळीकरांच्या मनात आलं, खरंच की. हैदराबादला वाचून दाखवलं, नांदेडला वाचून दाखवलं. ज्याच्या हाताखालून दगड नेला त्याला एक ओळ कुणी ऐकवली नव्हती. ते म्हणाले, “ही जुनी कानडी आहे. तुला कळायची नाही, पण वाचतो.”

“घरात आमी कानडीच बोलतो,” मडिवाळप्पा म्हणाला.

टाकळीकर वाचू लागले. राजाची बिरुदं आली, मडिवाळप्पा नुसता ऐकत राहिला. तिथी आली, वार आला. मग ते ‘ओगेव कल्ल’वर आले, आणि मडिवाळप्पानं मान वर केली.

“काय म्हनलात?”

“ओगेव कल्ल. म्हणजे प्रकटलेला दगड. महादेवाची पिंड.”

“न्हाई, मास्तर.” मडिवाळप्पा संकोचून म्हणाला, जणू त्याचाच काही अपराध होता. “ओगेयो कल्लु म्हंजे धुन्याचा दगड. ओगे म्हंजे कपडे धुनं. माझी नात बी सांगंल.”

टाकळीकर हातातल्या ओल्या कागदाकडे बघत राहिले. कोशात त्या शब्दाचे दोन अर्थ होते. कपडे धुण्याचा दुसरा अर्थ त्यांनी वाचलेला होता. राजाच्या सरदाराचा धुण्याशी काय संबंध, म्हणून ओलांडून पुढं गेले होते. आणि दगड त्या वेळी कुठं होता? ओढ्यात. त्यावर काय चाललं होतं? धुणं. स्वतः तिथं दोन तास बसून त्यांनी ते पाहिलं होतं.

“थांब,” ते म्हणाले. “जाऊ नकोस.”

सूर्य कलला होता. ऊन दगडावर आडवं पडत होतं आणि उथळ झालेल्या रेघांतही सावली धरत होती. टाकळीकर गुडघ्यांवर बसले आणि केतय्यच्या आधीच्या शब्दावर बोट ठेवलं. ‘म’च्या शेजारचं टिंब त्यांनी नखानं चाचपलं. त्याला कड नव्हती. तो टवका होता. ‘ड’च्या डोक्यावर मात्र एक बारीक वेटोळं दिसत होतं. ठशात ते आलंच नव्हतं. ड नव्हे, डि. पुढं जिथं अक्षर गेलं असं त्यांनी धरलं होतं, तिथं ‘व’ची खालची गोलाई अंधुक उरली होती.

“म, डि, व...” ते पुटपुटले.

“मडिवळ?” मागून मडिवाळप्पा म्हणाला. “मंग ते आमीच की. मडिवाळ म्हंजे परीट.”

 टाकळीकरांचा मंडळिक, त्यांचा सरदार, बघता बघता परीट झाला होता. पुढं कधी ते ही हकिगत सांगत तेव्हा म्हणत की त्या क्षणी लाज वाटायला हवी होती, ती वाटली, पण नंतर. आधी वाटलं ते निराळंच. साडेआठशे वर्षांपूर्वी एका परटानं दान दिलं, ते राजाच्या नावासकट दगडावर कोरवून घेतलं? कसं? त्याला कुणी करू दिलं? त्याच्यापाशी होतं काय?

त्यांनी घाईनं शेवटच्या तीन ओळींवरचा वाळलेला गाळ काढला. मडिवाळप्पानं पाणी आणून दिलं. ओळी साफ होत्या, गाळानं त्या सांभाळल्या होत्या. टाकळीकर एकेक शब्द लावत गेले आणि मराठीत सांगत गेले.

“मडिवळ केतय्य यानं या ओढ्यावर पायऱ्या बांधल्या... हा धुण्याचा दगड बसवला... आपल्या लोकांसाठी, पुढच्या पिढ्यांसाठी... हा दगड जो कोणी या ओढ्यातून दुसरीकडे नेईल...” ते थांबले.

“त्याला काय?” मडिवाळप्पानं विचारलं.

“काशीत हजार कपिला गायी मारल्याचं पाप.”

 मग टाकळीकर म्हणाले, “दगड नसल्यापासून तुम्ही धुता कशावर?” दोन वर्षांपूर्वी ते त्याला ‘तू’ म्हणत होते, आताही म्हटलं होतं. आपण ‘तुम्ही’ म्हटलं हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

“हाय एक दुसरा. पर तो बसत न्हाई नीट, गडगडतो. कपडे फाटतेत, मग बोलनी बसतेत.”

जेवणाच्या वेळी टाकळीकरांनी आप्पासाहेबांना सगळं सांगितलं. आप्पासाहेब घास हातात धरून ऐकत होते.

“पण तुम्हीच छापलंय ना, मंडळिक म्हणून?”

“छापलं. चुकलं माझं.”

“छापलेलं कसं चुकंल?”

“छापणारा चुकला की चुकतं, आप्पासाहेब. आणि केते आडनावाचंही... मला तेव्हाच पटलं नव्हतं. मी सांगायला हवं होतं.”

आप्पासाहेबांनी घास ताटात ठेवला. ते रागावले नाहीत, नुसते उतरल्यासारखे झाले. “दोन वर्षं झाली, मास्तर. जिल्ह्याचे तालुकदारसाहेब येऊन बघून गेले. सोयरे येऊन बघून गेले. आता मी गावाला सांगू की दारात परटाचा दगड पुजून राहिलो?” थोड्या वेळानं ते म्हणाले, “तुम्ही काय लिहायचं ते लिहा. दगड हलायचा न्हाई.”

नांदेडला आल्यावर टाकळीकरांनी सौदामिनीबाईंना सांगितलं. त्यांनी आधी विचारलं, “मुलाखत कधी आहे?”

“दीड महिन्यानं.”

“दुरुस्ती मुलाखतीनंतर छापली तर?”

“मनात तेच आहे.”

आणि त्यांनी तसंच ठरवलं होतं. ते काही फार धीराचे गृहस्थ नव्हते. अकरा दिवस त्यांनी नव्या ठशाचा कागद भिंतीवर लावून ठेवला, पण त्याबद्दल कुणाला अक्षर लिहिलं नाही. अडचण वेगळीच झाली. त्यांना प्रश्न पडू लागले. दुसरीकडे कुठं परटांनी दिलेली दानं आहेत का? तेल्यांनी? कोष्ट्यांनी? पायऱ्या बांधायला पाटलाची परवानगी लागे का? म्हैसूरकडच्या दोघा-तिघा विद्वानांना हे ठाऊक असणार. पण त्यांना विचारायचं तर आधी सांगावं लागणार की माझा मंडळिक मंडळिक नव्हे. न विचारता राहवेना. शाळेत ते दिल्लीच्या बादशहांची सनावळी सांगता सांगता थांबू लागले.

बाराव्या दिवशी सौदामिनीबाई म्हणाल्या, “अहो, भाजीवालीला काल तुम्ही विचारत होता, तुमच्यात देवाला दान कोण देतं म्हणून. एवढं विचारायचंय तर ज्यांना माहीत आहे त्यांनाच लिहा ना.”

“आणि जागा?”

“जागेचं जागा बघेल. तुम्ही असे दीड महिना काढणार नाही.”

त्या दिवशी टाकळीकरांनी चार पत्रं लिहिली. तीन म्हैसूरकडे, आणि चौथं हैदराबादला, सोबत दुरुस्तीचा मजकूर.

प्राध्यापकांचं उत्तर सभ्य होतं. ‘चूक कबूल करणे हे विद्वानाचे लक्षण आहे,’ त्यांनी लिहिलं होतं. ‘तथापि मंडळिकासाठी मी आपले नाव पुढे केले होते. समितीपुढे परटासाठी ते कसे करू, हे मला सुचत नाही.’ दुरुस्ती पत्रिकेच्या शेवटच्या पानावर, जाहिरातींच्या वर, सहा ओळींत आली. जागा दुसऱ्याला मिळाली. सौदामिनीबाईंनी देवघरातलं जुनं पत्र काढून पेटीत ठेवलं. 

म्हैसूरहून मात्र एक आठ पानी पत्र आलं. लिहिणाऱ्यानं प्रश्नांना उत्तरं दिली होती आणि उलट वीस प्रश्न विचारले होते. टाकळीकरांनी ते उभ्याउभ्या दोनदा वाचलं.

पुढच्या वर्षी त्यांचा तबादला लातूरला झाला. लोकांना वाटलं, नाराजीनं झाला. त्यांना तो सोयीचा पडला, कारण कानडी लेखांचा मुलूख जवळ आला. रविवारी ते मोटारीनं, सायकलीनं, जमेल तसे फिरत. आता ते देवळात आधी जात नसत. आधी विहिरीवर जात, घाण्यावर जात, पाणवठ्यावर जात. उलथे पडलेले, अर्धे पुरलेले दगड बघत. आणि आणखी एक नेम त्यांनी केला. लेख वाचला की तिथल्या तिथं, जे कोणी असतील त्यांना, मोठ्यानं ऐकवायचा. कधी कुणी काही बोलत नसे. कधी एखादी म्हातारी म्हणे, असं न्हाई, असं म्हना. औशाकडं त्यांना एका तेल्यानं दिवाबत्तीसाठी दिलेलं तेल सापडलं, उदगीरकडं माळिणीनं लावलेली बाग सापडली. दोन वर्षांत नऊ दगड झाले. कानडी बोलायला आता ते अडखळत का होईना शिकले होते, आणि उच्चारांना लोक हसत.

हरळकोंडीचा दगड सुटला तो वेगळ्याच माणसामुळं. आप्पासाहेबांच्या आई गुणाबाई ऐंशीच्या पुढच्या होत्या. मडिवाळप्पाच्या बायकोनं एकदा कपडे देताना त्यांना सहज सांगितलं की दगडावर काशीच्या गायींचा शाप लिहिलाय. गुणाबाईंनी लेकाला बोलावून विचारलं. लेकानं टाळाटाळ केली. म्हातारीनं पुढच्या दारानं येणं-जाणं बंद केलं. महिनाभर मागच्या दारानं, गोठ्यातून जाऊ लागली. शेवटी आप्पासाहेबांनी लातूरला बोलावणं पाठवलं.

टाकळीकर आले तेव्हा गुणाबाई खाटेवर बसल्या होत्या.

“मास्तर, खरं सांगा. हे पाप लागतं का?”

टाकळीकर म्हणाले, “आई, लागतं की नाही ते मला सांगता येणार नाही. लिहिलंय एवढं खरं. आणि न्या म्हणून मीच कळवलं होतं, तेव्हा लागायचंच झालं तर आधी मला लागेल.”

“तुमचं तुम्ही बघा,” गुणाबाई म्हणाल्या. “माझ्या लेकाच्या डोईवर हजार गायी मला नकोत.” मग आप्पासाहेबांकडे वळून, “कवा हलवतोस?”

“उद्या,” आप्पासाहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात सुटल्यासारखं काहीतरी होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा बैल जुंपले. पाटी आप्पासाहेबांनी स्वतः काढली. ओढ्यात दगड बसवताना अडचण निघाली. टाकळीकरांचं म्हणणं, अक्षरं जमिनीकडं करा, म्हणजे झिजणार नाहीत. मडिवाळप्पानं मान हलवली.

“मंग वाचंल कोन? हुता तसा ऱ्हाऊ द्या. काठाकडं अक्षरं, वर धुनं. इतके दिस राहिलाच की.”

“पण झिजतो आहे, मडिवाळप्पा. तो ‘डि’ मला जेमतेम दिसला.”

“तुमच्या कागदावर आला न्हवं आता? कागद तुमी ठेवा. दगड आमी ठेवतो.”

 टाकळीकरांनी शेवटचा ठसा आदल्या संध्याकाळीच घेतला होता, शेवटच्या ओळींसकट. दगड होता तसाच बसला. मडिवाळप्पानं पायांनी माती दाबली, वर पाणी ओतलं आणि पहिलं लुगडं आपटलं. आवाज घट्ट आला. काठावरच्या बायका हसल्या.

थोड्या वेळानं पिळा देता देता मडिवाळप्पा म्हणाला, “मास्तर, त्या केतय्याला लिव्हाय येत हुतं का वं?”

“काही कळत नाही.”

“मंग हे लिव्हलं कुनी? राजाच्या मानसानं? राजाचा मानूस परटासाठी कशाला लिव्हंल?”

टाकळीकर काठावर बसले होते. ते उठले आणि दगडापाशी आले. बिरुदांच्या ओळी सुबक होत्या, शिकलेल्या हाताच्या. जिथून ओढा आणि पायऱ्या सुरू झाल्या तिथून अक्षरांची ठेवण बदलत होती का? शब्द पोथीतल्यासारखे न राहता बोलण्यातल्यासारखे होत होते का? ठशावर इतकी वर्षं बघूनही त्यांनी हे कधी ताडून पाहिलं नव्हतं.

“म्हणा पाहू,” ते म्हणाले, “तुम्ही घरी ‘पायरी’ला काय म्हणता?”

मडिवाळप्पानं शब्द सांगितला. टाकळीकरांनी धोतर खोचलं, चपला काठावर ठेवल्या आणि वही घेऊन पाण्यात उतरले.

“आणि ‘पुढच्या पिढ्या’ला?”